शिकारीचें पंचांग

आमच्या घरांतून पंचांग पाहिल्यावांचून कोणतेंहि मोठें कार्य निघत नाहीं. मुंज केव्हां, विवाह केव्हां, कोणत्या महिन्यांत काय वर्ज्य, हें आधीं पाहावयाचें आणि मग तयारीस लागावयाचें, अशी आपली पूर्वापार चाल. परंतु बंदूक घेऊन अरण्यांत जाणाऱ्या माणसासहि असेंच एक पंचांग पाहावें लागतें, आणि तें न पाहतां त्यानें बंदूक उचलली तर तो दंडास पात्र होतो, असें कोणीं सांगितलें तर आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रानटर्की या पक्ष्याच्या शिकारीची हकीकत अशीच आहे. शिकारीचा पुरस्कार करावा हा आमचा हेतु मुळींच नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं मांसान्न शिजतहि नसेल. परंतु एक पक्षी माणसाच्या हव्यासानें नाहींसा होण्याच्या बेतास येतो, आणि तोच माणूस नियमानें बांधला गेला म्हणजे तोच पक्षी पुन्हां लाखांनीं नांदूं लागतो, ही गोष्ट कोणत्याहि विचारी कुटुंबानें एकदां ऐकून ठेवण्याजोगी आहे.

नांवाचा घोटाळा

हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोंतील लोकांनीं तो फार प्राचीन काळीं माणसाळविला, आणि सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो यूरोपांत नेला. तेथें त्याच्या मूळ देशाविषयीं असा घोटाळा झाला कीं, इंग्रजांनीं त्यास तुर्कस्थानचा समजून ‘टर्की’ म्हटलें; फ्रेंचांनीं ‘हिंदुस्थानची’ अशा अर्थाचें नांव दिलें; पोर्तुगीज त्यास ‘पेरू’ म्हणूं लागले; आणि खुद्द तुर्क लोक तर त्यास आजहि ‘हिंदी’ म्हणतात! हिंदुस्थानाशीं त्याचा खरा संबंध आला तो गोव्याच्या वाटेनें. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान यानें गोव्याहून बादशहासाठीं ज्या अपूर्व वस्तु आणल्या, त्यांत एक टर्की होता. १६१२ च्या सुमारास उस्ताद मनसूर या चित्रकारानें बादशहाच्या आज्ञेवरून त्याचें चित्र काढलें. तें आज लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. पक्ष्याचें डोकें व मान घटकेंत तांबडीं, घटकेंत पांढरीं, तर घटकेंत निळसर दिसतात, याचें जहांगीरास मोठें कौतुक वाटलें, आणि तें त्यानें आपल्या आत्मवृत्तांत नमूद करून ठेविलें. हे तीन रंग वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

नाताळांत किंवा अमेरिकेंतील नोव्हेंबरच्या आभारदिनीं पाश्चात्त्यांच्या पानांत येणारा टर्की हा पाळीव, खुराड्यांत पोसलेला व जड अंगाचा. रानटर्कीची गोष्ट निराळी. तो घोड्याच्या चालीनें धांवतो, थोडें अंतर वेगानें उडतो, रात्र उंच झाडावर काढतो, आणि त्याची दृष्टि इतकी तीक्ष्ण असते कीं, माणसानें नुसती मान वळविली तरी तो सावध होतो. अशा पक्ष्याचा नायनाट करणें अवघड, असें कोणासहि वाटेल. पण तें घडत आलें होतें.

बंधन नव्हतें तेव्हां

यूरोपीय वसाहती होण्यापूर्वीं या भूमीवर रानटर्कींची संख्या कोटीच्या घरांत असावी, असा तज्ज्ञांचा अदमास आहे. पुढच्या तीन शतकांत शेतीसाठीं अरण्यें तुटलीं, आणि उरलेल्या अरण्यांत बाजारासाठीं शिकार करणारे धंदेवाईक लोक शिरले. त्यांस हंगाम ठाऊक नव्हता. पक्षी नर आहे कीं मादी, मादी अंड्यांवर बसली आहे कीं पिलांस घेऊन फिरत आहे, याची विचारपूस न करतां ते बाराहि महिने शिकार करीत आणि माल शहरांत पाठवीत. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील शेवटचा मूळचा रानटर्की १८५१ सालीं मारला गेला. विस्कॉन्सिन संस्थानांत तो डार्लिंग्टन गांवाजवळ १८८१ त शेवटचा नोंदला गेला. त्यांतच १९०४ च्या सुमारास चेस्टनट वृक्षांवर एक परकी रोग आढळून आला, आणि कांहीं दशकांत पूर्वेकडील डोंगरांतून ते वृक्ष जवळजवळ नाहींसे झाले. त्यांच्या फळांवर पोसणाऱ्या पक्ष्यांच्या तोंडचा घांसच गेला. १९२० पर्यंत मूळच्या ३९ संस्थानांपैकीं १८ संस्थानांतून रानटर्की नामशेष झाला होता, आणि साऱ्या देशांत मिळून अवघे दोन लाखांच्या आसपास पक्षी उरले असावे.

यांत कोणा एकाचा दोष दाखवितां येत नाहीं, हेंच या प्रकरणांतील खरें मर्म आहे. दहा घरांची समाईक विहीर असली म्हणजे उपसा सगळेच करतात. गाळ काढावयास मात्र कोणीच पुढें होत नाहीं. रानांतील पक्षी कोणाच्याच मालकीचा नाहीं, म्हणून तो आज आपण न मारला तर उद्यां दुसरा मारील, एवढाच हिशेब प्रत्येकाच्या मनांत होता. अशा हिशेबांत शेवटीं शिल्लक शून्य राहावयाची हें उघड आहे.

पुनरागमन

पहिला लगाम १९०० सालीं बसला. लेसी कायद्यानें, एका संस्थानांत बेकायदा मारलेलें जनावर दुसऱ्या संस्थानांत नेऊन विकणें हा गुन्हा ठरविला, आणि बाजारी शिकारीचें कंबरडें मोडलें. परंतु बंदीनें नाश थांबतो. गेलेलें परत येत नाहीं. त्यास पैसा लागतो, आणि तो पैसा उभा करण्याची युक्ति १९३७ च्या सप्टेंबरांत निघाली. त्या वेळीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सही केलेला कायदा पिटमन-रॉबर्टसन या नांवानें ओळखला जातो. बंदुका व काडतुसें यांवरील अबकारी कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरींत न जिरतां वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठीं संस्थानांस वांटून द्यावा, असें त्यानें ठरविलें. आज हा कर लांब नळीच्या बंदुका व काडतुसें यांवर शेंकडा ११, आणि पिस्तुलांवर शेंकडा १० आहे. मंजूर कामाच्या खर्चाचे तीन हिस्से या निधींतून मिळतात. चौथा हिस्सा संस्थानानें घालावयाचा. याबरोबर एक अट आहे, आणि तीच आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. शिकारीच्या परवान्यांचें जें शुल्क जमेल तें संस्थानानें वन्य प्राण्यांच्या खात्याखेरीज दुसऱ्या कोणत्याहि कामाकडे वळवूं नये. वळविल्यास मदत बंद. ज्याच्या नांवानें पैसा घेतला त्याच्याच पदरीं तो पडला पाहिजे, हा देवस्थानाच्या हिशेबाचा नियम येथें अरण्यास लागू झाला.

पैसा आला तरी पक्षी आणावयाचे कोठून? आरंभीं अधिकाऱ्यांनीं खुराड्यांत वाढविलेले पक्षी मोठ्या संख्येनें रानांत सोडून पाहिले. ते टिकले नाहींत. रानांतील पिलूं आईच्या मागें चालतां चालतां शिकत असतें. वरून ससाण्याची सावली गेली म्हणजे निश्चल कसें बसावें, रात्रीं कोणत्या फांदीवर चढावें, कोणता आवाज विश्वासाचा व कोणता दग्याचा, हें सारें त्यास आईच्या संगतींत कळतें. दाणे वेळेवर मिळाले तरी ही शिकवण खुराड्यांत मिळत नाहीं. वडीलधाऱ्यांच्या सहवासांत न सांगतां जें अंगीं मुरतें, त्याची भरपाई दुसऱ्या कशानेंहि होत नाहीं, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

तेव्हां रानांतलेच पक्षी जिवंत धरून नव्या रानांत नेणें भाग पडलें. मोकळ्या जागीं दाणे टाकून पक्ष्यांस तेथें येण्याची संवय लावावयाची, आणि ते जमले म्हणजे लहान तोफांच्या बारानें एक मोठें जाळें त्यांच्यावर फेंकावयाचें, ही पाणपक्ष्यांसाठीं निघालेली युक्ति १९५१ त दक्षिण कॅरोलिना संस्थानांत रानटर्कींवर योजण्यांत आली, आणि काम सुरू झालें. मग संस्थानांसंस्थानांत देवघेव चालू झाली. १९७६ त मिसूरीनें विस्कॉन्सिनास २९ रानटर्की दिले व मोबदल्यांत ग्राउझ नांवाचे रानपक्षी घेतले. मॅसॅच्युसेट्सनें १९७२-७३ त न्यूयॉर्कहून ३७ पक्षी आणून सोडले. आज तेथें त्यांची संख्या तीस हजारांच्या वर आहे, आणि बॉस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्याकडील मुलाबाळांच्या अंगणांतूनहि ते खुशाल फिरत असतात. देशभर मिळून रानटर्की चालू शतकाच्या आरंभीं सत्तर लाखांच्या जवळ पोंचले होते.

या साऱ्या काळांत शिकार उघडण्याची घाई कोणीं केली नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मिसूरीनें १९६० त नव्यानें हंगाम उघडला तो तीन दिवसांचा आणि चौदा जिल्ह्यांपुरता. त्यांत अवघे ९४ पक्षी मारले गेले. विस्कॉन्सिनानें पहिले पक्षी सोडल्यापासून सात वर्षें वाट पाहिली व १९८३ त हंगाम दिला.

मुहूर्त कसा ठरतो

आतां या पंचांगाकडे वळूं. बदकांसारखे पक्षी ऋतुमानाप्रमाणें देशांतर करतात, म्हणून त्यांच्या शिकारीवर मध्यवर्ती सरकारची देखरेख असते. रानटर्की बाराहि महिने एकाच मुलखांत राहणारा. त्यामुळें त्याचे नियम प्रत्येक संस्थान स्वतंत्रपणें करतें. एका संस्थानाचा परवाना शेजारच्या संस्थानांत चालत नाहीं, आणि तारखाहि जुळत नाहींत. फ्लोरिडाच्या दक्षिण भागांत वसंताचा हंगाम मार्चच्या आरंभीं उघडतो. विस्कॉन्सिनांत तो एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारीं. दक्षिणेंत वसंत लवकर येतो, उत्तरेंत उशिरां, हें त्याचें साधें कारण.

परंतु तिथि ठरविण्याचें खरें कारण पक्ष्याच्या संसारांत आहे. दिवस मोठा होऊं लागला म्हणजे नर गडगडाटी साद घालतो व मोरासारखा पिसारा फुलवितो. एकेक नर अनेक माद्यांशीं संग करतो, आणि पुढें पिलांच्या संगोपनांत त्याचा कांहीं वांटा नसतो. मादी जमिनीवरच एखाद्या आडोशाच्या खळग्यांत दहा-बारा अंडीं घालते व सुमारें २८ दिवस तीं उबविते. पिलें निघाल्यावर पहिले दोन आठवडे त्यांस झाडावर चढतां येत नाहीं. तोंवर आई त्यांस पंखाखालीं घेऊन भुईवरच रात्र काढते. म्हणजे वसंतांत एक मादी मारणें हें एक पक्षी मारणें नव्हे. तें एक भरलें घर उठविणें होय. उलट, माद्यांचा संग होऊन गेल्यावर कांहीं नर कमी झाले तरी त्या वर्षींच्या पिलांस तोटा पडत नाहीं.

वसंतांतील बहुतेक नियम या एका गोष्टींतून निघाले आहेत. मारावयाचा तो नरच. कांहीं संस्थानांत कायदा ‘दाढीवाला पक्षी’ असे शब्द योजतो; नराच्या छातीवर केंसांच्या झुपक्यासारखीं जीं पिसें लोंबतात त्यांस दाढी म्हणतात. क्वचित् एखाद्या मादीसहि दाढी असते, तरी नियम असाच ठेविला आहे. कारण पहांटेच्या अंधुक उजेडांत जें डोळ्यांस दिसेल त्याच्याच आधारें नियम पाळतां येतो. हंगाम उघडावयाचा तो माद्या अंडीं घालूं व उबवूं लागण्याच्या सुमारास. फार आधीं उघडला तर संग होण्यापूर्वींच नर पडतात, आणि इकडे तिकडे फिरणाऱ्या माद्याहि चुकून गोळीस बळी पडतात. शरद् ऋतूंत कांहीं संस्थानांत दुसरा हंगाम असतो व त्यांत मादीहि मारण्याची मुभा असते. पण त्यामुळें पुढील वर्षींची वीणच कमी होत असल्यानें तेथें हात फार आंखडता घ्यावा लागतो.

शिकाऱ्याचें वर्ष

विस्कॉन्सिनांतील शिकाऱ्याचें उदाहरण घेऊं. वसंतांत शिकार करावयाची तर त्याची तयारी आदल्या हिंवाळ्यांत सुरू होते. परवान्याच्या सोडतीसाठीं १० डिसेंबरच्या आंत अर्ज गेला पाहिजे. संस्थानाचे विभाग पाडलेले आहेत, आणि वसंताचा हंगाम सात सात दिवसांच्या सहा तुकड्यांत वांटलेला आहे. ज्याला जो विभाग व जो आठवडा मिळेल तोच त्याचा. सारेच एका दिवशीं एका रानांत उतरले तर पक्ष्यांसहि धोका व माणसांसहि, म्हणून ही वांटणी. शिवाय १ जानेवारी १९७३ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मनुष्यास शिकारीच्या शिक्षणाचा दाखला दाखविल्यावांचून सामान्यतः परवाना मिळत नाहीं. जमीन खाजगी असेल तर मालकाची परवानगी आधीं मिळवावी लागते.

मार्च उजाडला म्हणजे शहाणा शिकारी बंदूक घरींच ठेवून पहांटे रानाच्या कडेला नुसता ऐकत उभा राहतो. नर कोणत्या दिशेनें साद घालतो, थवा कोणत्या झाडांवर निजतो, सकाळीं उतरून कोणत्या मैदानाकडे जातो, हें तो मनांत टिपून घेतो. नेमल्या आठवड्यांत सूर्योदयापूर्वीं अर्धा तास शिकारीस मुभा मिळते व सूर्यास्तास ती संपते. दुसऱ्या कांहीं ठिकाणीं दुपारींच थांबावें लागतें. शिकारी झाडाच्या रुंद बुंध्यास पाठ टेकून, रानाच्या रंगाचे कपडे घालून निश्चल बसतो व मादीच्या आवाजाची नक्कल करून नरास जवळ बोलावितो.

आतां जहांगीराच्या त्या तीन रंगांचें काम पडतें. तांबडा, पांढरा व निळा यांपैकीं कोणताहि रंग शिकाऱ्यानें अंगावर दिसूं देऊं नये, असें प्रत्येक शिक्षणवर्गांत बजावून सांगतात, हातरुमालसुद्धां नको. झुडपाआड या रंगांचा ठिपका हालला तर दुसरा शिकारी त्यास पक्ष्याचें डोकें समजण्याचा संभव असतो. तसेंच, नराची साद ऐकूं आली म्हणून तिच्या रोखानें सरपटत जाऊं नये. ती साद दुसऱ्या माणसाची असूं शकते. संपूर्ण पक्षी डोळ्यांनीं ओळखल्यावांचून, आणि त्याच्या मागें काय आहे हें पाहिल्यावांचून, घोड्यास बोट लावावयाचें नाहीं. या नियमांचा पक्ष्याशीं संबंध नाहीं. त्यांचा संबंध घरीं वाट पाहणाऱ्या माणसांशीं आहे.

पक्षी मिळाला तर दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ५ वाजण्याच्या आंत त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. त्याचें मांस विकतां येत नाहीं. घरच्या ताटापुरतेंच तें. मग पुढें जुलै-ऑगस्टांत बऱ्याच संस्थानांत आणखी एक मोजणी होते, आणि तींत शिकारी नसलेल्या साध्या नागरिकांसहि भाग घेतां येतो. शेताच्या कडेला मादी दिसली कीं तिच्याबरोबर पिलें किती, एवढें लिहून कळवावयाचें. दर मादीमागें पिलांचें सरासरी प्रमाण काय पडतें व मारलेल्या पक्ष्यांच्या नोंदी काय सांगतात, यांवरून पुढील वर्षांचे नियम बसविले जातात. या वर्षींच्या खऱ्या नोंदींतूनच पुढल्या वर्षींचें पंचांग निघतें. नोंद खोटी तर पंचांगहि खोटें.

पुन्हां काळजीचें कारण

येथवरची कथा यशाची झाली. परंतु ती येथेंच संपविली तर वाचकांची फसवणूक होईल. गेल्या कांहीं वर्षांत, विशेषतः आग्नेयेकडील संस्थानांत, मादीमागें पिलांचें प्रमाण उतरत गेलें आहे, आणि देशांतील एकंदर संख्या साठ लाखांच्या आसपास आली आहे. पिलांस किडे टिपण्यासाठीं लागणारीं मोकळीं गवताळ रानें कमी झालीं, अंडीं खाणारीं रॅकूनसारखीं जनावरें वाढलीं, कांहीं वर्षीं वसंतांत पावसानें पिलें गारठलीं, अशीं अनेक कारणें पुढें येतात. आलाबामानें २०२२ त हंगामाचा आरंभ २५ मार्चपर्यंत पुढें नेला, प्रत्येकास मिळणाऱ्या पक्ष्यांची मर्यादा पांचांवरून चारांवर आणली, आणि पहिले दहा दिवस पक्ष्यास भुलविणाऱ्या खोट्या टर्कींचा उपयोग बंद केला. त्याच वर्षीं जॉर्जियानें तिनाचे दोन केले. टेनेसीनें २०२३ त संस्थानभर हंगाम दोन आठवडे पुढें ढकलला.

असें केल्यानें पिलें वाढतील काय? टेनेसींत आधीं कांहीं जिल्ह्यांपुरता असा उशीर करून संशोधकांनीं माद्यांवर पाळत ठेविली, तेव्हां वीण वाढल्याचें दिसून आलें नाहीं. म्हणजे तिथि पुढें ढकलणें हा उपाय पुरेसा नाहीं. रानहि सुधारलें पाहिजे. तरीसुद्धां शंकेच्या वेळीं हात आंखडणें हेंच शहाणपणाचें, असें म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांस आम्ही दोष देणार नाहीं. घरांत धान्य कमी येऊं लागलें तर कारण शोधीत बसण्यापूर्वीं गृहिणी आधीं माप लहान करते. दुसरी अडचण पैशाची आहे. ही सारी व्यवस्था परवान्यांच्या व बंदुकांवरील कराच्या पैशावर उभी आहे. शिकारी घटले तर रानाची निगा कोणाच्या पैशानें ठेवावयाची, हा प्रश्न तेथील लोकांस आज सतावीत आहे.

आपल्या देशानें निराळा मार्ग धरला. १९१२ च्या कायद्यांत ठराविक काळ शिकार बंद ठेवण्याची तरतूद होती. मुंबई राज्यानें १९५१ त स्वतंत्र कायदा केला. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवाने काढून हौसेची शिकार करण्याचा मार्गच बंद झाला. तो निर्णय आम्हांस योग्यच वाटतो. पण हंगाम पाळण्याची बुद्धि कांहीं आपल्याकडे परकी नाहीं. पावसाळ्यांत मासळीच्या विणीचा काळ असतो, म्हणून कोंकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस बंदी असते; आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा केल्यावांचून होडी लोटूं नये, हा कोळी बांधवांचा रिवाज तर कायद्याहून पुष्कळ जुना आहे.

समाईक वस्तूचा उपभोग घ्यावयाचा तर काय करावें याच्याआधीं केव्हां करूं नये हें ठरविलें पाहिजे, खर्च झालेल्याची खरी नोंद ठेविली पाहिजे, आणि नोंद प्रतिकूल दिसली तर जुनी तिथि धरून न बसतां नवी काढली पाहिजे. विहीर असो, गायरान असो कीं घरांतील समाईक कोठी असो, याहून निराळा नियम आम्हांस ठाऊक नाहीं. विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्यास सोडतींत मिळालेल्या परवान्यावर वसंतांतले सातच दिवस लिहिलेले असतात. त्या सात दिवसांसाठीं तो महिनेच्या महिने थांबतो, ऐकतो, मोजतो व कळवितो; आणि तो असा थांबतो म्हणूनच पुढच्या वसंतांत साद घालावयास रानांत कोणी उरतें.